मागची बांधी

सकाळी प्लॉटवर पोचलो तर सात-आठ बायका माझ्या वर्गातल्या पोरांनी लावलेली धानाची रोवणी उपटत होत्या. बांधावर प्रिन्सिपॉल छत्री धरून उभे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. तुमसर तालुक्यातल्या एका कृषी विद्यालयात मी पिकांचा विषय शिकवायचो. सगळी शेतकऱ्यांची पोरं. सर्टिफिकेट मिळालं तर ग्रामसेवकाच्या नोकरीची आशा. प्रत्येकाला धानाची एक बांधी, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला शेताचा तुकडा, नेमून दिलेली. रोपं तयार करण्यापासून कापणीपर्यंत सगळं त्यानंच करायचं. प्रॅक्टिकलचे मार्क त्यावरच.

रोवणीला बारा दिवस झाले होते. रांगा वाकड्या होत्या, हे मी नाकारत नाही. दोरी धरून रोवायला पोरं पहिल्यांदाच शिकत होती. पण रोपं उथळ, दोन-दोन तीन-तीनच लावलेली होती आणि त्यांनी मूळ धरलं होतं.

"उद्या नागपूरहून साहेब इन्स्पेक्शनला येताहेत," प्रिन्सिपॉल म्हणाले. "या रांगा दाखवायच्या त्यांना?"

मी फुटव्यांचं सांगून पाहिलं. रोपाच्या बुडातून नव्या काड्या फुटतात, ते फुटवे. जितके फुटवे, तितक्या लोंब्या. मूळ धरलेलं रोप पुन्हा हलवलं की फुटवे मार खातात. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. शेवटी रोपं उपटणाऱ्या बायकांतल्या सखूबाईच बोलल्या, "साहेब, जीव धरलेला धान कायले उपटून राहिले? आमच्या वावरात असं कोणी करत नाही." त्यांनाही गप्प बसवलं.

दुपारपर्यंत रस्त्याकडच्या सगळ्या बांध्या सरळ रांगांत पुन्हा रोवून झाल्या. एक तेवढी वाचली. आंबागडकडच्या शिवदासची. ती मागे, मोहाच्या झाडांआड होती.

साहेब आले. रस्त्यावरूनच पाहून म्हणाले, पोरांचा हात चांगला बसलाय. मी तोंड उघडलं नाही, त्याबद्दल मला आजही स्वतःचाच राग येतो. बोलला तो शिवदास.

"साहेब, हे रोवणं आमचं नोहे. आमचं मागं आहे, वाकडं. चला, दाखवतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जीपमध्ये बसले.

कापणीच्या तोंडावर प्रिन्सिपॉलांनी भरलेला मार्कांचा तक्ता माझ्याकडे सहीला आला. शिवदास प्रॅक्टिकलमध्ये नापास. कारण: रोवणी सरळ नाही. माझं डोकंच फिरलं. एक पोरगं खरं बोललं म्हणून त्याची नोकरी घालवायची, आणि त्यावर सही माझी! मी म्हटलं, आधी सगळ्यांचा धान कापा, मळा, काट्यावर घाला.

"बदली हवी आहे का तुम्हाला?" प्रिन्सिपॉलांनी विचारलं.

"वजनानंतर बोलू," मी म्हटलं.

बांध्या सगळ्या सारख्याच मापाच्या. पुढच्या सरळ बांध्यांतून कुठेच पोतंभर धान निघाला नाही. शिवदासच्या बांधीतून दीड पोतं निघालं. सखूबाई उफणत होत्या. सूप थांबवून त्यांनी प्रिन्सिपॉलकडे पाहिलं.

शिवदास पास झाला. पुढे ग्रामसेवकही झाला. बाकीच्यांचे मार्क मात्र उत्पन्नाप्रमाणे कमीच पडले. त्यांचा धान उपटला कोणी, हे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता. माझ्या बदलीची ऑर्डर उन्हाळ्यात आली.

पुढे मीही इन्स्पेक्शनचा साहेब झालो. कुठेही गेलो की जीपमधून उतरून आधी मागची बांधी दाखवा म्हणायचो. त्यापायी बऱ्याच प्रिन्सिपॉलांचे बूट चिखलात रुतले. मला कधी वाईट वाटलं नाही.