सील उलटं नव्हतं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. गॅरेजात दिवसभर माझं तोंड चालू असतं, पण या एका गोष्टीपाशी आलो की गप्प होतो. चार वर्षं झाली. आज तुमच्यापाशी बोलतोय — जमेल तसं.

नाशिक रोडला माझं गॅरेज आहे आणि रस्त्यापलीकडे रफिकभाईंचं — वय झालेलं, डोळ्यांना जाड चष्मा. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. कुणाच्याही गाडीचा ब्रेक बिघडला की लोक आधी त्यांच्याकडे जायचे. मला याचा राग होता का? होता थोडा.

देवळाली कॅम्पच्या पुढे एका निवृत्त सुभेदारांची द्राक्षबाग आहे. बागेत फिरायला त्यांनी छोटी एटीव्ही घेतली — चार जाड चाकांची, ओळींमधून सहज जाणारी. तिचा मुख्य ब्रेक पायाचा, आणि सुभेदारांचा गुडघा कामातून गेलेला. पुढचे केबलवाले ब्रेक नावालाच. हाताने दाबलं की गाडी जागेवर थांबली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मी टेचात सांगितलं, पुढच्या दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क बसवतो. असल्या गाडीला मी जन्मात हात लावलेला नव्हता.

डिस्क, तिला चिमटीत धरणारे कॅलिपर, पाइप मी जमवले. हँडलवरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबला की तेल ढकलणारा भाग, जुना होता. तो रफिकभाईंनी उघडून आत नवीन रबरी सील घातलं. सील आधी ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं, मग नुसत्या बोटांनी बसवायचं, ही त्यांची पद्धत. स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला तरी ओरडायचे.

सगळं जोडलं. लिव्हर दाबला, तो थेट हँडलला टेकला. म्हणजे तेलात हवा. लिव्हर दाबून धरायचा, कॅलिपरवरचं निपल किंचित सोडायचं, बुडबुडे निघाले की बंद करायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस हेच. बोटांना फोड आले, तेलाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. भराभर दाबला की लिव्हर कडक व्हायचा, सोडून जरा थांबलं की परत मऊ. मी पाने फेकले, गिऱ्हाइकांवर खेकसलो, घरी जेवणाच्या ताटावरून उठलो. रफिकभाई पलीकडून विचारायचे, "येऊ का रे बघायला?" मी म्हणायचो, झालंच आता. नुसतं "या" म्हणायला माझं काय जात होतं?

पाचव्या दिवशी सुभेदार आले. मी हात पुसून बाहेर येईपर्यंत ते गाडीवर बसलेसुद्धा. गॅरेजसमोर जरासा उतार आहे. त्यांनी लिव्हर दाबला, तो हँडलला टेकला आणि गाडी समोरच्या भिंतीवर गेली. वेग फार नव्हता, पण तोच गुडघा आपटला. खाली बसूनच त्यांनी विचारलं, "ब्रेक कोणी केलाय?"

रफिकभाई पाणी घेऊन धावत आले होते. त्यांच्या देखत मी म्हणालो, "मास्टर सिलिंडर रफिकभाईंनी केलाय."

सुभेदार त्यांना चारचौघांत बोलले — दिसत नसेल तर कामं घेता कशाला. रफिकभाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि गेले.

दुपारी मला चूक सापडली. दोन्ही कॅलिपर मी अदलाबदल करून लावले होते, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. पाइप तसेही नीट बसत होते ना! त्यामुळे हवा सोडायचं निपल खाली गेलं होतं. हवा वरती बसते. खालून ती जन्मभर निघाली नसती. अदलाबदल केली, तासाभरात लिव्हर दगडासारखा कडक.

इथपर्यंत चिडीत झालं असं म्हणता आलं असतं. पण नाही. सील खराब असेल तर दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली जातो, हे मला रफिकभाईंनीच शिकवलं होतं. माझा लिव्हर भराभर दाबून कडक केला आणि तसाच धरून ठेवला की तिथेच थांबायचा. म्हणजे सील चांगलं आहे हे मला बोट दाखवताना — हो, तेव्हाच — ठाऊक होतं.

आणि संध्याकाळी रफिकभाई आले. काय निघालं, म्हणून विचारलं. खरं सांगायला तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो.

"सील उलटं बसलं होतं," मी म्हणालो. "मी सरळ केलं."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माफ कर रे सुनील. कुणाचा जीव गेला असता."

त्या दिवसापासून त्यांनी ब्रेकला हात लावलेला नाही. पंक्चर काढतात, ऑइल बदलतात. सुभेदार आजही बागेत फिरतात. सिलिंडर तोच, सीलही रफिकभाईंनी बसवलेलं तेच. चार वर्षांत एक थेंब गळलेला नाही.

परवा एक बाई स्कूटर ढकलत आल्या. म्हणाल्या, "समोरच्या चाचांनी पाठवलंय. ब्रेकचं काम सुनीलशिवाय कुणाला देऊ नका म्हणाले."

मी पलीकडे पाहिलं. रफिकभाईंनी हात वर केला. मीही केला, आणि स्कूटर आत घेतली.