सोबतिणीचा खोकला

काही कामं अशी असतात की ती नीट केली तर शेवटी आपलीच गरज उरत नाही. ताईंचं काम तसलं. ज्यांना समजायला जरा वेळ लागतो, किंवा ज्यांचे हात-पाय, कान-डोळे पुरती साथ देत नाहीत, अशा माणसांना एक संस्था नोकरी मिळवून द्यायची आणि नोकरीच्या जागी त्यांच्या सोबतीला कुणीतरी पाठवायची. संस्थेत त्या बाईला सोबतीण म्हणत. सोबतीण सुरुवातीला खांद्याला खांदा लावून उभी राहणार, काम शिकवणार, मग एक पाऊल मागं सरणार, मग दाराशी थांबणार, आणि एके दिवशी येणारच नाही. ती आली नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, की समजायचं काम फत्ते.

ताई यात मुरलेल्या. छापखान्यात, रोपवाटिकेत, औषधांच्या गोदामात त्यांनी माणसं बसवून दिली होती आणि मागं न बघता पुढच्या कामाला लागल्या होत्या. नव्या सोबतिणींना त्याच बजावायच्या, जीव लावा पण जीव अडकवू नका. बोलायला काय जातं म्हणा! नानूच्या बाबतीत ताईंचा स्वतःचाच जीव असा अडकला की सोडवता सुटेना.

नानू हे घरचं नाव. माणूस तिशी उलटलेला, कानशिलावर पांढरे केस डोकावू लागलेले, तळहात हे एवढाले. एका वेळी एक गोष्ट सांगितली तर जन्मात विसरायचा नाही. दोन एकदम सांगितल्या की दोन्ही गेल्या. जाईल त्या कामावरून तो परत आला होता. त्याच्या आईनं ताईंना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की हे शेवटचं, इथं नाही जमलं तर ती त्याला पुन्हा कुठं धाडणार नाही. कामावरून काढलं की तो भिंतीकडं तोंड करून बसून राहतो, जेवायला उठत नाही, आणि ते तिला आता बघवत नाही. ताई म्हणाल्या, माझ्यावर सोडा.

जागा होती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातलं धुलाईघर. एका बाजूला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या बाजूला चादरी इस्त्री करायचा रोलर, मधे घड्या घालायचं लांबलचक टेबल. नानूकडं टॉवेल होते. टॉवेल झटकायचा, दिव्याच्या उजेडाला धरायचा, एक बाजू बघायची, दुसरी बाजू बघायची, डाग असला तर लाल टोपलीत टाकायचा, नसला तर घडी. नानू झटकायचा आणि थेट घडीच घालायचा. उजेडाचं राहून जायचं. मग डागाळलेला टॉवेल वरच्या वॉर्डात जायचा आणि तिथल्या सिस्टर सगळ्या धुलाईघराची बिनपाण्यानं करायच्या.

चारचौघांत आठवण केली की नानूचे कान लाल व्हायचे. म्हणून ताईंनी युक्ती काढली. त्यानं टॉवेल झटकला की त्या मागून हळूच खोकायच्या. नानूला बरोब्बर आठवायचं, टॉवेल उजेडाला जायचा, आणि कुणाला काही कळायचं नाही. छान चाललं. इतकं छान की पुढं पुढं नानू टॉवेल झटकून नुसता थांबायचा. खोकला आला की हात वर. नाही आला तर मान वळवून ताईंकडं बघायचा. सोबतिणीची खूणच कामाचा भाग होऊन बसते, आणि ती वेळीच सोडवावी लागते, हे ताईंना माहीत नव्हतं असं नाही. नव्या पोरींना त्या याच्यावरच तर तासभर व्याख्यान द्यायच्या! पण तो वळून बघायचा ना, तेव्हा ताईंना आतून असं काही भरून यायचं की उद्या सोडवू, परवा सोडवू, असं होऊन गेलं.

आणि मग मधे आला तो इस्त्रीवाला.

मधे आला म्हणजे काय, तो बिचारा वर्षानुवर्षं तिथंच होता, रोलरपाशी, सुटलेलं पोट सांभाळत, बेसूर गुणगुणत. त्यानं नानूला पहिल्या आठवड्यातच ‘साहेब’ करून टाकलं. साहेब, आज टॉवेल फार आलेत, परत पाठवू का? साहेब, माझी बदली करा की पंख्याखाली. असलेच पाणचट विनोद. पण नानू हसायचा. खांदे गदागदा हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. ताईंनी त्याला शब्द शिकवले, वेळेवर यायला शिकवलं, एवढंच काय, सुपरवायझर बाईंच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकवलं. पण ताईंसोबत तो असा एकदाही हसला नव्हता. त्यांच्या काळजात कुणी चिमटा घ्यावा तसं व्हायचं.

चहाच्या सुट्टीत तर अंगाचा तिळपापड. आधी नानू आपला कप घेऊन ताईंच्या बाकावर येऊन बसायचा आणि बिस्किटाचे दोन तुकडे करून मोठा ताईंना द्यायचा. आता तो कप घेऊन रोलरकडं जायला लागला. बिस्किट तेच, तुकडे तसेच, मोठा तुकडा इस्त्रीवाल्याला! खोटं कशाला बोला, ताईंचं वय पन्नाशीकडं झुकलेलं, घरी बिस्किटांचे डबे भरलेले, पण त्या अर्ध्या बिस्किटासाठी त्यांना रडू यायचं बाकी राहिलं होतं. घरी जाऊन त्या नवऱ्यापुढं इस्त्रीवाल्याचा उद्धार करायच्या. नवरा एकदा म्हणाला, “बाई गं, लग्नानंतर माझं नाव तू इतक्यांदा घेतलं नाहीस.” ताईंनी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

शेवटी त्यांनी सुपरवायझर बाईंकडं तक्रार केली. इस्त्रीवाला फार बोलतो, नानूचं लक्ष उडतं, त्याला जरा लांब हलवा. सुपरवायझर बाई म्हणाल्या की त्याला हलवायचं तर रोलर हलवावा लागेल, रोलरला वाफेचा पाइप आहे, पाइपाला भिंत आहे, तेव्हा भिंत पाडायची का ते ताईंनीच सांगावं. मग बाईंनी मुद्द्याचं विचारलं. संस्थेची सोबत या महिन्याअखेर संपते. त्यापुढं नानू एकट्यानं काम करू शकणार असेल तर त्याची नोकरी पक्की, नाहीतर त्यांना दुसरा माणूस बघावा लागेल. जमेल का त्याला?

“अजून नाही,” ताई म्हणाल्या. “माझ्याशिवाय अडतं त्याचं.”

म्हटलं तर ते खरंच होतं. रोज डोळ्यांपुढं अडत होतं की! पण हे बोलताना ताईंना वाईट वाटायला हवं होतं, आणि त्यांना बरं वाटलं. इस्त्रीवाल्याकडं हसू असेल, बिस्किट असेल. अडतं मात्र माझ्यावाचून, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या दिवशी त्या घरी गाणं म्हणत गेल्या. नानूची नोकरी जाईल, तो भिंतीकडं तोंड करून बसेल, हे काही त्यांना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि तरी.

इस्त्रीवाल्यानं एकदा त्यांना गाठलंही. म्हणाला, ताई, एक दिवस येऊच नका, बघा तर काय होतं ते. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही तुमच्या चादरी बघा, असं त्यांनी तोडून टाकलं. मला घालवायला निघालाय मेला, असं मनात म्हणाल्या. खरं तर असा दिवस सोबतिणीनं मुद्दाम ठेवायचा असतो. ताईंनी तो ठेवला नाही, अंगात कणकण असताना सुद्धा त्या कामावर आल्या.

पण महिना संपता संपता एका सकाळी त्यांची बस बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत चांगलाच उशीर झाला. समोरच्या दारानं गेलं तर लांब पडतं, म्हणून त्या मागच्या जिन्यानं उतरल्या. तिथं वाळलेल्या कपड्यांचे रॅक होते. रॅकच्या फटीतून त्यांना नानू दिसला.

नानूनं टॉवेल झटकला. उजेडाला धरला. एक बाजू बघितली, दुसरी बघितली, घडी घातली. पुढचा घेतला, झटकला, धरला, कोपऱ्यात कसलासा डाग दिसला, लाल टोपलीत टाकला. आणि हे सगळं करता करता इस्त्रीवाल्याशी त्याचं काहीतरी चाललेलं, खांदे हलवून हसणं चाललेलं. कुठं थांबणं नाही, कुठं मान वळवणं नाही. सरावलेला हात. आज जमलंय असं नव्हे, कधीचंच जमत असणार, हे ताईंना बघताक्षणी कळलं. इतकी वर्षं दुसरं काय केलं होतं त्यांनी?

आनंद व्हायला हवा होता. पोटात दुखलं.

त्या तशाच पुढं गेल्या आणि टेबलापाशी आपल्या जागेवर उभ्या राहिल्या. नानूनं त्यांना पाहिलं. पुढचा टॉवेल घेतला, झटकला आणि थांबला. मान वळवून वाट बघत राहिला.

ताईंच्या घशात कोरड पडली होती. खोकला यायचा तर आलाच असता. त्यांनी विचारलं, “का थांबलास रे?”

“तुम्ही आलात ना.”

“मग?”

नानूनं रोलरकडं एकदा बघून घेतलं. इस्त्रीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून तो ताईंच्या अगदी जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, “नाहीतर तुम्हाला काय काम राहील?”

चारचौघांत त्याला लाज वाटू नये म्हणून ताई इतके दिवस जपत होत्या, आणि हा गडी त्यांना जपत होता. त्यांचे कान लाल झाले.

तेवढ्यात सुपरवायझर बाई आल्या. वरून विचारणा झाली होती, आज काय ते सांगायचं होतं. नानूच्या जागी घ्यायला एक माणूस बाहेर येऊन बसलाही होता. बाईंनी ताईंकडं बघितलं. ‘नाही’ म्हणणं अजूनही सोपं होतं. नानू तर थांबलेलाच होता, टॉवेल हातात धरून, सगळ्यांच्या देखत.

“जमतं त्याला,” ताई म्हणाल्या. “मी नसले की जमतं. मी आहे म्हणून अडलंय.”

बाईंना नीटसं समजलं नाही, पण ‘जमतं’ एवढं समजलं, आणि त्या बाहेरच्या माणसाला परत पाठवायला गेल्या. ताईंनी खुंटीवरची पर्स घेतली. नानूला म्हणाल्या, मी निघते, मला दुसरीकडं काम आहे, पुष्कळ काम आहे. नानूला हायसं वाटलेलं दिसलं. कुठं, असं त्यानं विचारलं, तर ताईंनी तोंडाला येईल त्या जागेचं नाव सांगितलं.

जाता जाता त्या रोलरपाशी थांबल्या. जळफळाट काही संपला नव्हता, अजिबात नाही. ह्या माणसाला नानू आयता मिळतोय, रोज मिळणार, असंच त्यांच्या मनात चाललं होतं. तरी त्या म्हणाल्या, “त्याला दोन गोष्टी एकदम सांगू नका. गोंधळतो.”

“माहीत आहे, ताई,” इस्त्रीवाला म्हणाला. थट्टेत नव्हे, समजुतीच्या आवाजात म्हणाला, आणि तेच जास्त झोंबलं. तेवढंसुद्धा सांगायचं शिल्लक नव्हतं.

त्या दाराकडं चालू लागल्या. मागून टॉवेल झटकल्याचा आवाज आला. बघावं, एकदाच बघावं, असं जिवापासून वाटत होतं. पण ताईंनी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर नानू थांबला असता.