खालांची हरकत

मी वाचायला शिकले ती बाबांच्या चळवळीतल्या गटाच्या पत्रकांवरून. गटाचा नियम जुना: पत्रक छापण्याआधी वस्तीत मोठ्यानं वाचायचं, आणि ऐकणाऱ्यांतल्या एकाचीही हरकत राहिली तर ते वाक्य गाळायचं.

आखातात बॉम्ब पडू लागले तेव्हा पत्रक मी लिहिलं. नेरूळच्या सारसोळ्यात, आमच्या वस्तीत, शेजारच्या खालांच्या ओट्यावर वाचन झालं. त्यांचा मुलगा तेलाच्या जहाजावर होता, आणि ते जहाज लढणाऱ्या देशांपैकी एकानं अडवून ठेवलं होतं. एका वाक्यावर माझा फार जीव होता: ‘दुबळ्यांच्या बाजूनं बोलणारा आपला देश आज मारणाऱ्याचं नावही घेत नाही.’

“हे नको छापू,” खाला म्हणाल्या.

“खोटं आहे का, खाला?”

“खरं हाय, म्हनून तर नको. आपल्या सरकारची मानसं तिथं बोलनी करतायत. समोरचा चिडला तर माझा पोर अडकूनच ऱ्हाईल.”

“माझ्या पत्रकावर कोण चिडतंय? ते नेरूळच्या पुढे जात नाही.”

“मग छापतेस कशाला?”

सगळे हसले. बाबाही. वर म्हणाले, “नियम तुलापण आहे.”

वाक्य गेलं. उरलेल्या पत्रकात शांतता हवी होती, पण मारतंय कोण ते कुठेच नव्हतं. लोकांना ते आवडलं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

बोलणी फळली आणि खालांचा मुलगा सुटून आला. आपला देश एकाकडून तेल घेतो, दुसऱ्याकडून शस्त्रं, आणि वैर कुणाशीच धरत नाही. म्हणून दोन्हीकडे आपल्या देशाचा फोन उचलला जातो. ‘देशहित’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पण त्या दिवशी ते देशहित खालांच्या ओट्यावर बसून भाकरी खात होतं.

मग मुलगाच म्हणाला, “आमचा जहाजावरचा स्वयंपाकी तिथंच अडकून राहिला. छोट्या देशाचा आहे. त्याच्यासाठी कोण फोन करणार?”

“आपण केला असता तर?”

“उचलला असता,” तो म्हणाला. “आपल्याला नाही म्हणत नाहीत.”

त्यावर मी दुसरं पत्रक लिहिलं. ज्याचा शब्द चालतो, त्यानं तो फक्त आपल्या माणसांपुरता वापरायचा का, एवढंच विचारलं. स्वयंपाक्याची हकिकत घातली. पुन्हा तोच ओटा, तसंच वाचन.

“लिही,” मुलगा म्हणाला. “त्याच्या हातचं खाल्लंय मी.”

खालांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात हा परत चढतोय बोटीवर. त्याच पान्यातनं जायचंय. तू माझ्या मुलीसारखी हायस. त्या स्वयंपाक्याचं नको घालू.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण मान नकारार्थीच हलली. एक हरकत पुरते.

पत्रक छापून आलं. मी स्वतः खारघरला कॉलेजांच्या दारात वाटलं. पोरांनी घेतलं, वाचलंही. त्यात स्वयंपाकी नव्हता.