ब्रेक नसलेल्या गाडीचे देणगीदार

ज्या मोटरसायकलला ब्रेक नाहीत तिच्यावर शहाण्या माणसाने बसू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. तरीही अशा गाडीवर बसणाऱ्या एका पोराला इंग्लंडला पाठवायचं म्हणून मी अमेरिकेतल्या क्युपर्टिनो गावच्या समस्त मराठी बांधवांकडून वर्गणी गोळा केली, आणि त्या सत्कार्यात शेवटी माझंच निधन झालं. सांगतो. बसा जरा.

दोन हजार चार-पाचचा सुमार. बायको आणि मुलगी पुण्याला परत गेल्या होत्या. भांडण नाही, तंटा नाही. सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता आणि मुलीला तिथलं कॉलेज हवं होतं. मी मात्र ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा. नोकरी सोडली की रांगेच्या शेपटाला जायचं, म्हणून सोडायची नाही. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाहुण्यासारखा जात असे. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत गोष्टी सांगायची माझी जुनी हौस, नकला आणि हातवाऱ्यांसकट. त्यामुळे पोरंटोरंच नव्हे, त्यांचे आईबापही मला 'गोष्टीवाले काका' म्हणत. हॉलभर हशा घेऊन घरी यायचं, कुलूप उघडायचं आणि आतल्या फ्रिजची घरघर ऐकायची, असा तो काळ होता.

एका शनिवारी सकाळी खिडकीतून एरंडेलाचा वास आला. क्युपर्टिनोत एरंडेल! लहानपणी नाक दाबून पाजलेल्या चमच्याची आठवण होऊन माझ्या पोटात कळ आली. वासाचा माग काढत मागच्या गॅरेजांपाशी गेलो, तर शेजारच्या इमारतीतला एक गोरा पोरगा एका हडकुळ्या मोटरसायकलशी झटापट करत होता. वीसेक वर्षांचा, अंगाने शेवग्याची शेंग. आईबरोबर राहायचा. ती नर्स होती, तिच्या ड्यूट्या उलट्यासुलट्या. वास त्याच्या इंजिन ऑइलचा होता. ते एरंडाच्या बियांचंच असतं, असं त्याने मला अभिमानाने सांगितलं.

"ब्रेक कुठायत?" मी विचारलं.

"नाहीत."

"चोरीला गेले?"

"नसतातच. गिअरसुद्धा एकच. आणि वळायचं ते फक्त डावीकडे."

"मग थांबतोस कसा?"

"थांबायचं कशाला?"

या खेळाला स्पीडवे म्हणतात. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या. मिनिटभरात खेळ खलास. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीवर फरफटवत पुढे जायचं. त्या एका बुटाला पोलादी तळ ठोकलेला असतो. आणि सगळ्यात गंमत म्हणजे ही गाडी ढकलून सुरू करावी लागते. मी म्हटलं, बाळा, तू योग्य माणसापाशी आलास. माझ्या तरुणपणीची स्कूटर कॉलनीतल्या सर्व बिऱ्हाडांनी आळीपाळीने ढकललेली आहे.

तेव्हापासून माझे शनिवार त्याचे झाले. सिएरा डोंगरांच्या पायथ्याशी एका जत्रेच्या मैदानात रेसेस होत. जाताना त्याच्या पिकअपमध्ये मी गोष्टी सांगायचो, तो हसायचा, आणि बटाटेवड्यांचा डबा रेस सुरू होण्याआधीच संपायचा. तिथे पोचलं की गाडी ढकलायची आणि प्रत्येक रेसनंतर चिखलाने माखलेला त्याचा चष्मा पुसायचा, ही दोन खाती माझ्याकडे. तो मला काका म्हणू लागला. आमच्या बिल्डिंगमधली सगळीच मुलं म्हणत, त्यांचं ऐकून.

मग एक दिवस इंग्लंडहून फोन आला. या खेळाचं पंढरपूर म्हणा, काशी म्हणा, ते तिथे. गावोगावी संघ, आणि संघाचे भक्त असे की नवी पोरं घडवायची म्हणजे आपलंच घरचं कार्य आहे असं समजतात. मॅच संपली की बादल्या फिरवून पैसे जमवतात, सोडत काढतात. कुणी म्हातारं जोडपं परक्या मुलाला वर्षभर खोली देतं, कुणी बेकरीवाला टायरांचा खर्च उचलतो आणि मुलाच्या बाहीवर बेकरीचं नाव झळकतं. अशाच एका छोट्या गावच्या संघाने पोराला एक सीझन बोलावलं होतं. राहायची सोय त्यांची. प्रवास, व्हिसा आणि दोन इंजिनं त्याची. वसंतापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"नाही जमणार," तो म्हणाला. "आईला सांगितलंच नाहीये. ती डबल ड्यूटी घेईल."

मी म्हटलं, "अरे वेड्या, ज्या माणसाने आयुष्यभर गणपतीची वर्गणी मागितली, त्याच्यासमोर रडतोस?"

मंडळाच्या कमिटीपुढे मी विषय मांडला. अध्यक्ष म्हणजे आमचे डॉक्टरकाका, साठच्या दशकात अमेरिकेत आलेले, आता रिटायर्ड. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे आपण गोऱ्या मुलाला वर्गणी द्यायची, इंग्लंडात जाऊन चिखलात पडायला?"

"क्रिकेट असतं तर समजलो असतो, यार," खजिनदार असलेला तरुण इंजिनिअर म्हणाला.

नागपूरच्या काकू आतापर्यंत चिवड्यातले दाणे वेचत होत्या. त्या म्हणाल्या, "आईला सांगितलं नाही म्हणता? डबल ड्यूटी करील म्हणून?" आणि वेचलेले दाणे तोंडात टाकून, "माझ्या बाबांचं नाव टाकाल का त्याच्या कोटावर? देते मी."

"काकू, तिथे दुकानांची नावं टाकतात."

"आम्हाला कुठाय दुकान? बाबांच्या स्मरणार्थ टाका. आमच्या गावच्या देवळात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नावं आहेत. पंखा फिरला की वाचता येत नाहीत, पण असतात."

झालं, बांध फुटला. आपल्या माणसाकडे जाहिरातीसाठी पैसे मागा, तो दहा प्रश्न विचारील. स्मरणार्थ म्हणा, हात आपोआप खिशात जातो. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या बाकावर, स्मशानातल्या पाण्याच्या टाकीवर आपण आपली माणसं लिहून ठेवतो. एक पोराची पाठ तेवढी राहिली होती.

मी हॉल घेऊन गोष्टींचा जाहीर कार्यक्रम लावला. 'गोष्टीवाले काका सादर करीत आहेत' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं पोस्टर भारतीय किराणा दुकानाच्या काचेवर लागलं. मध्यंतरात पोराने गाडी स्टेजवर आणून एकदाच सुरू केली. पहिल्या रांगेतल्या आजींनी कान झाकले आणि तोंडाने "बाई बाई बाई" म्हणत शेवटपर्यंत बघत राहिल्या. काकूंनी गाडीच्या टाकीवर कुंकवाचं बोट ओढलं, पोराच्या हातावर दही-साखर ठेवली. त्याने ती आधी बुटाला लावायची असते की काय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

नंतर टेबलापाशी रांग लागली.

"माझ्या सासूबाईंचं घ्या."

"अगं, त्यांना एसटी लागायची!" नवरा म्हणाला.

"आता नाही लागणार."

"आमच्या अण्णांचं कॉलरजवळ टाका हं. खाली नको. त्यांना खालच्या जागेचा राग होता."

मी हसत होतो, हसवत होतो, पावत्या फाडत होतो. आणि मधेच एकदा हात थबकला. प्रत्येक पावतीबरोबर माझाच एकेक शनिवार फाटत होता. पण समोर पुढचा माणूस आपल्या आत्याचं नाव घेऊन उभा होता. मी पावती फाडली.

त्याचा रेसिंगचा सूट तयार होऊन आला. पाठीवर वर 'यांच्या स्मरणार्थ' आणि खाली देवनागरीत नावांची उतरंड. साताऱ्याचे मास्तर, वर्ध्याची आत्या, गिरगावातल्या सासूबाई. पोराने बोट फिरवत विचारलं, "कोण आहेत हे सगळे?"

आता मृत्यूचा विषय रेसरपुढे कुठे काढा! मी म्हटलं, "ज्यांना तुझी रेस बघायला येता येणार नाही, अशी माणसं."

"तुमचं कुणी नाही यात?"

"माझी सगळी पुण्यात आहेत. ठणठणीत."

त्याने मान डोलावली. कार्यक्रमाचं एक पोस्टर मागून घेतलं, आठवण म्हणून.

एअरपोर्टवर त्याला मीच सोडलं. आई ड्यूटीवरून थेट आली, युनिफॉर्ममध्येच. तिने त्याला घट्ट धरलं, मग माझ्याशीही हात मिळवला आणि म्हणाली, "तुम्ही याला जेवायला घालत होतात, मला माहीत होतं. कपड्यांना वास यायचा." ती परत हॉस्पिटलला गेली, मी घरी. गॅरेजासमोर तेलाचा डाग होता. पुढचे बरेच शनिवार मी सवयीने दोघांपुरते वडे तळले आणि रविवारीही तेच खाल्ले. पुण्याला फोन केला की बायको विचारायची, "आवाज का असा?" मी म्हणायचो, "तळणाचा धूर." मग पाच मिनिटं तिला हसवायचो आणि फोन ठेवायचो.

त्याचे ईमेल यायचे, तारेसारखे त्रोटक. शेवटचा आलो. शेवटचा आलो. पडलो, ठीक आहे. पावसामुळे मॅच रद्द. शेवटचा आलो. संघ त्याला मुख्य मॅच संपल्यावर शिकाऊ पोरांच्या रेसमध्ये उतरवत होता. सीझनअखेर काही दिसलं नाही तर परत पाठवणार, हेही एका ओळीत कळवून झालं होतं.

एका शुक्रवारी फोटो आला. तो पाठमोरा उभा, मान वळवून कॅमेऱ्याकडे हसतोय, सगळा चिखल. मी त्याचा चेहराच बघत बसलो. वाळला होता. मग अभिमानाने तो फोटो मंडळाच्या सगळ्या सभासदांना एका फटक्यात पाठवून दिला, "आपली माणसं इंग्लंडात पोचली" असं लिहून, आणि जेवायला बसलो.

पहिला फोन काकूंचा.

"कोण बोलतंय?" आवाज चिरका.

"मी."

"मी कोण?"

"काकू, मीच. गोष्टीवाला."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज. मग काकू रडायला लागल्या, आणि मग अशा रागावल्या की मी घास घेऊन तसाच उभा राहिलो. दुसरा फोन खजिनदाराचा. "यार काका, तुम्ही... उचललात?" तिसरा डॉक्टरकाकांचा. ते गंभीर होते. "मी शोकसभेसाठी हॉलला फोन केला होता. आता कॅन्सल करावा लागेल."

"राहू द्या," मी म्हटलं, "मुख्य वक्ता मीच होतो."

जेवण टाकून फोटो पुन्हा उघडला. पाठीवरच्या उतरंडीत सगळ्यात खाली, इतरांपेक्षा जरा वाकड्या अक्षरांत, एक नवी ओळ शिवलेली होती: गोष्टीवाले काका. पोस्टरवरून एकेक अक्षर गिरवून घेतलेलं. वर ठसठशीत, यांच्या स्मरणार्थ.

त्या संध्याकाळी फोन खणखणतच राहिला. वर्षभरात आले नसतील इतके. प्रत्येकाला मी जिवंत असल्याचं नव्याने, वेगळ्या आवाजात सांगितलं. प्रत्येक जण हसला, "या एकदा जेवायला" म्हणाला, आणि ठेवला. मग फोनही शांत झाला आणि फ्रिजची घरघर परत ऐकू येऊ लागली.

शनिवारी दुपारी पोराचा फोन आला. तिकडे रात्र. मागे गलका, इंजिनांचे आवाज.

"अरे गाढवा," मी सुरुवात केली, "तुझ्या पाठीवरची सगळी माणसं मेलेली आहेत! तू मला त्यांच्यात बसवलंस!"

तो म्हणाला, "तुम्ही म्हणालात, ज्यांना यायला जमत नाही ती."

मी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

"काढून टाकू, काका?"

"ते नंतर बघू. आज कितवा आलास?"

"तेच सांगायला फोन केला. पाठीवरची नावं वाचायला मागे कुणीतरी असावं लागतं ना? आतापर्यंत कधी नव्हतं." त्याचा श्वास फुलला होता. "आज तिघे होते. चारही फेऱ्या. मॅनेजर म्हणाला, पुढच्या वर्षीही ये."

"चष्मा कुणी पुसला?"

"कुणी नाही. मीच."

"नाव राहू दे," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि बातमी सांगायला तोंड उघडलं. पुण्यात मध्यरात्र उलटली होती. पोराच्या आईच्या फोनवर मशीन बोललं. मंडळींना आदल्या दिवशीच इतकं छळलं होतं की पुन्हा कुणाला फोन करायची हिंमत होईना. मग मी खाली उतरलो, गॅरेजासमोर उभा राहिलो आणि तेलाच्या त्या डागाला पूर्ण रेस सांगितली. न पाहिलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चौघांचे आवाज, चौघांची वळणं, डावा पाय फरफटवत. मास्तर, आत्या, सासूबाई, अण्णा, सगळे पाठीवर घट्ट धरून बसलेले, आणि सगळ्यात खाली मी. शेवटच्या वळणावर आलो तेव्हा समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी खिडकी लावून घेतली. मी रेस संपवली, वाकून नमस्कार केला, आणि वर गेलो.