डोहावरचे लांबट त्रिकोण

मला लांबट त्रिकोण आवडत नाहीत. नदीच्या तळाची खोली ठिकठिकाणी मोजायची, ते बिंदू कॉम्प्युटरवर त्रिकोणांनी जोडून जाळी विणायची आणि त्या जाळीवर पुराचं पाणी सोडून ते कुठवर चढतं ते बघायचं, एवढंच माझं काम. त्रिकोण अंगानं भरलेले असले की पाणी शहाण्यासारखं वाहतं. सुईसारखे लांबट निघाले की ते मनाला येईल तसं वागतं आणि बोलणी मला खावी लागतात.

औंढ्याजवळच्या नदीच्या एका वळणाचं काम आलं तेव्हा मी खूश झाले. लोणावळ्यातल्या घरापासून स्कूटीवर जेमतेम वीस मिनिटं, म्हणजे दुपारी गरम जेवण. ग्रामपंचायतीला पूररेषा हवी होती. रेषेच्या आत येणाऱ्यांना घर सोडून रस्त्यापलीकडे, वरच्या अंगाला जायचं होतं. रेषेत येऊ शकेल असं एकच घर आमच्या यादीत होतं, आणि ते नेमकं मला होडीतून फिरवणाऱ्या आबांचं होतं.

आबा सत्तरीच्या पुढचे. दिवाळीनंतरच्या त्या दिवसांत रोज सकाळी मी खोली मोजायचं यंत्र होडीच्या कडेला बांधायची आणि ते वल्हं हाती घ्यायचे. मला या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषा हव्या असत. "आबा, सरळ घ्या," मी ओरडायची. "सरळच हाय की!" म्हणत ते निवांत वळण घ्यायचे. काठावरून मावशी, म्हणजे त्यांची बायको, चहा झाल्याची हाक मारायच्या आणि माझा राग तिथंच विरघळायचा. चहापुढे माझं काही चालत नाही.

मोजणी संपली. दोन दिवसांत मी जाळी विणली, पाणी सोडलं आणि आबांचं घर खिडकीपर्यंत बुडालं.

माझ्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगून टाकलं. आबा हसले. "ह्या घरात जल्मलो मी. पानी कुटवर येतं ते मला म्हाईत न्हाई व्हय?" मावशी आत वळल्या. चहा मात्र दिला.

परत येताना मला चैन पडेना. घरी येऊन जाळी मोठी करून पाहिली, तर वळणावर लांबच लांब, सुयांसारखे त्रिकोण! तिथं एकही बिंदू नव्हता. होडी कुठून कुठून गेली ते वर टाकून पाहिलं. प्रत्येक रेषा त्याच जागी वळली होती, दारातल्या रांगोळीला वळसा घालून जावं तशी. माझं डोकंच फिरलं. आबांवर फिरलं होतं, पण खरं तर आठवडाभर होडीत बसून ते न दिसलेल्या माझ्यावर फिरायला हवं होतं.

सकाळी तडक गेले. "आबा, इथून दर वेळी होडी का वळवलीत?"

"तितं साती आसरा हायेत. त्यांच्या डोक्यावरनं होडी न्यायची व्हय?"

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं कुटं?"

हे खरंच होतं. "खोल आहे का तिथं?"

"लय खोल. डोहापासनं पार खालच्या कातळापातुर घळ हाय. समदी नदी तितनंच जाती."

मी कपाळाला हात लावला. मधे काही मोजलेलंच नसल्यामुळे कॉम्प्युटरनं दोन्ही काठांचे उथळ बिंदू एकमेकांना जोडून अख्खी घळ बुजवून टाकली होती. जायला वाटच नाही म्हटल्यावर पाणी दुसरं कुठे जाणार? आबांनी पाण्यातल्या देवींचा मान राखला आणि स्वतःच्याच घरात पूर आणला. मला हसू आलं, मग आबांनाही आलं.

पण मोजायचं कसं? होडी नेणार नाही म्हणजे नाही, यावर आबा ठाम. तोड मावशींनी काढली. "होडी जायाची न्हाई, मानूस जायाचा न्हाई. ह्येला कुनी आडवलंय?" असं म्हणून त्यांनी माझ्या यंत्राकडे बोट केलं. ट्रॅक्टरची ट्यूब आली, तिच्यावर फळी आणि फळीवर यंत्र बांधलं. मावशींनी डोहाची ओटी भरली आणि यंत्रालाही हळदकुंकू लावलं. मग पलीकडच्या काठावरून आबांनी दोर ओढला, अलीकडून मी हळूहळू सोडला. असं दिवसभर पुढं सरकत आम्ही डोह आणि घळ आडवी-आडवी मोजून काढली. आणि सांगते, इतक्या सरळ रेषा मला आठवडाभरात मिळाल्या नव्हत्या.

नवी जाळी देखणी झाली. त्यातल्या नेमक्या कुठल्या त्रिकोणांवर ते घर आहे, मला ठाऊक होतं. तिथला एखादा बिंदू हातभर वर उचलला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खोटं कशाला बोलू, तसं मनात आलंही. पण मी तशीच लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले. म्हटलं, पाणी सगळ्यांच्या समोरच सोडू.

निळा रंग वळणावर आला, घळीत शिरला, काठावर चढला. गोठा गेला. परसातल्या शेवग्याला पाणी लागलं. शेवग्यापाशीच पाणी थांबलं आणि थोड्या वेळानं मागं सरायला लागलं.

"घर बाहेर आहे, आबा!" मी ओरडलेच.

"पुन्ना दावा," आबा म्हणाले. त्यांनी तीनदा पूर आणवला आणि दर वेळी गोठ्यावरून माझ्याशी भांडले.

मावशी मधेच उठून आत गेल्या होत्या. भांडी वाजली तेव्हा चहाच असणार म्हणून मी हातभार लावायला गेले. चूल विझलेली होती. भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या होत्या. मावशी जमिनीवर बसून, तोंड बांधलेल्या पोत्यांच्या गाठी सोडत होत्या. मी घर बुडणार म्हणून सांगून गेले, त्याच दिवशी त्यांनी सगळा संसार बांधून ठेवला होता. आणि मला चहा देत राहिल्या होत्या.

मला फार लाज वाटली. खाली बसले, एक तांब्या काढला आणि फळीवर ठेवला.

"तितं न्हाई," मावशी म्हणाल्या. "त्येची जागा डाव्या अंगाला."