मोठ्या बाबूंसाठी थांबणारं मशीन

शुक्रवार, ९ डिसेंबर १९८८. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि भंडाऱ्यातल्या एका धान खरेदी संघाचे मोठे बाबू लक्ष्मणराव हटवार कामाला लागले होते. म्हणजे बसले होते. चपला दाराबाहेर, गळ्यात मफलर, नाकावर नुकताच पुसलेला चष्मा आणि उजव्या हाताचं बोट कीबोर्डच्या एका मोठ्या कळेवर रोखलेलं. त्या कळेवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू अजून होतं. पडद्यावर इंग्रजीत विचारणा आली, की लक्ष्मणराव ती कळ दाबणार होते. दाबल्याशिवाय मशीन पुढचं काम करणार नाही, अशी व्यवस्था होती आणि ती त्यांनीच करून घेतली होती.

लक्ष्मणराव मूळचे अड्याळचे. संघात जावक कारकून म्हणून लागले आणि मोठे बाबू झाले ते एका तत्त्वाच्या बळावर. आलेला कागद त्याच दिवशी पुढे पाठवायचा नाही. कागद रात्रभर टेबलावर मुरला पाहिजे, नाहीतर वरच्याला वाटतं की खालच्यानं तो वाचलाच नाही. लक्ष्मणराव स्वतः तो वाचत नसत, पण मुरवत जरूर. सत्तावीस वर्षांत त्यांच्या सहीवाचून कार्यालयातला एकही कागद पुढे सरकला नव्हता आणि सहीनंतर एकाही कागदात काडीचा बदल झाला नव्हता.

ऑगस्टात कॉम्प्युटर आला. काचेच्या दाराची खोली झाली, एसी बसला आणि नागपूरहून शिकून आलेली चंद्रकांता मेश्राम ऑपरेटर म्हणून सहा महिन्यांच्या ऑर्डरीवर लागली. काम तीन प्रोग्रामांचं होतं. पहिला प्रोग्राम सगळ्या केंद्रांवर आलेल्या धानाची बेरीज करी. दुसरा कोणत्या केंद्राला किती रिकामी पोती पाठवायची ते ठरवी. तिसरा पोत्यांचे हुकूम छापी. दर वेळी आपण उठून पुढचा प्रोग्राम सुरू करायचा, हे चंद्रकांताला पटेना. तिनं या तिघांना एकामागून एक हाकणारा चौथा, छोटासा प्रोग्राम लिहिला. एकदा सुरू केला की हुकूम छापूनच थांबायचा.

व्हरांड्यातल्या लक्ष्मणरावांच्या टेबलावर आता कागद येईना. मुरवायला काही उरलं नाही. रिटायर व्हायला तीन वर्षं होती आणि तेवढा काळ नुसतं बसून काढणारा माणूस संघाच्या डोळ्यांवर येणार, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांनीच तसे दोघं डोळ्यांवर आणून दिले होते.

पण नोव्हेंबरात मशीन चुकलं. चंद्रकांतानं पहिल्या प्रोग्रामला वीस मिनिटं नेमून दिली होती. तेवढी झाली की चौथा दुसऱ्याला उठवी, पहिला संपला की नाही ते बघत नसे. हंगाम भरात आला, केंद्रांवर धानाचे ढीग लागले आणि वीस मिनिटं पुरेनात. एके दिवशी बेरीज अर्ध्यावर असतानाच वाटप सुरू झालं. नाकाडोंगरी केंद्राचे आकडे यायचे राहिले होते. दुसऱ्या प्रोग्रामला तिथे धानच दिसलं नाही, म्हणून पोतीही नाहीत. नाकाडोंगरीचं धान दोन दिवस अंगणात उघड्यावर पडलं आणि त्यांची पोती अड्याळला जाऊन बसली.

चंद्रकांतानं दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती केली. पहिल्यानं काम संपवलं की मशीनमध्ये तशी खूण ठेवायची, आणि चौथ्यानं ती खूण दिसेपर्यंत दुसऱ्याला उठवायचं नाही. घड्याळाकडे बघायचंच नाही. दुरुस्ती बरोबर होती. पण ती मॅनेजरसाहेबांना सांगायला ती गेली तेव्हा लक्ष्मणराव तिच्या आधी तिथे पोचले होते.

"साहेब, मशीनच्या भरवशावर सोडलं की असंच होते," लक्ष्मणराव म्हणत होते. "मधात जबाबदार माणूस पायजे. माणसानं पाहिलं, हो म्हटलं, मंगच पुढं."

साहेबांना जबाबदार माणूस हा शब्द आवडला. चूक झाली तर नाव घ्यायला सोयीचा असतो. लक्ष्मणरावांची खुर्ची काचेच्या खोलीत गेली. बेरीज झाली की मशीन थांबायचं, पडद्यावर विचारायचं आणि लक्ष्मणराव मान हलवून कुंकवाची कळ दाबायचे. पडद्यावर काय लिहिलंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. चपराशी मंगरूनं मात्र एकदा विचारलं.

"बाबूजी, समजते काय तुमाले?"

"अरे, सहीले समजा लागते काय?" लक्ष्मणराव म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात खरं वाक्य असावं.

मग महिनाअखेरीला पवनीला भाच्याचा साखरपुडा निघाला. लक्ष्मणराव रजेचा अर्ज टाकून गेले. मशीननं बेरीज केली, विचारणा केली आणि ते थांबलं. चंद्रकांतानं कळेला हात लावायचा नाही, असा साहेबांचा लेखी हुकूम होता. संध्याकाळपर्यंत एकाही केंद्राला एक पोतं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब तिच्यावर ओरडले, मशीन अडकलंच कसं म्हणून. लक्ष्मणरावांनी खेदानं मान हलवली आणि सगळ्यांना साखरपुड्याचे पेढे वाटले.

आज, दहा चाळीसला, विचारणा आली आणि ते तीच कळ दाबणार तोच मंगरूनं काचेतून डोकं आत घातलं.

"बाबूजी, कारध्याहून फोन आहे. घरचा."

लक्ष्मणराव बाहेर गेले. घरी पाहुणे आले होते, येताना भाजी आणायची होती. परत आले तेव्हा विचारणा पडद्यावर तशीच होती. आणि कोपऱ्यातला प्रिंटर करकरत अड्याळचा हुकूम छापत होता.

"बाई," ते म्हणाले, "मी तं दाबलंच नाही."

"मंग दाबा ना, बाबूजी," चंद्रकांता वर न पाहता म्हणाली.

"पण कागद निघून राहिला ना!"

"हो. बेरीज झाली, म्हणून निघून राहिला."

"हे कवापासून?"

"तुमी पवनीहून आले तवापासून."

लक्ष्मणरावांनी हिशेब केला. पेढे वाटल्यापासून त्यांनी रोज कळ दाबली होती, आणि रोज मशीननं ती विचारणा शोभेपुरती ठेवून आपलं काम उरकलं होतं.

"मंग मी इथं कायले बसून आहो?" त्यांचा आवाज चढला. "साहेबाचा हुकूम मोडला तुमी!"

"मोडला," चंद्रकांता म्हणाली. आता तिनं वर पाहिलं. "चला, जाऊन सांगू साहेबाले. तुमच्या कळेवाचून सगळं बरोबर चालून राहिलं, हे बी सांगू. मी येतो तुमच्यासंगं."

लक्ष्मणराव दारापर्यंत गेले. काचेतून व्हरांड्यातलं त्यांचं जुनं टेबल दिसत होतं. त्यावर मंगरूनं पाण्याचा माठ ठेवला होता. साहेबांची खोली त्याच्या पलीकडे होती.

ते परत फिरले.

"साहेबाले कामं काय कमी हायेत?" ते म्हणाले. "लहानसहान गोष्टीसाठी कायले तरास द्यायचा त्यायले."

ते खुर्चीवर बसले. प्रिंटर शेवटचा हुकूम छापून गप्प झाला. त्यांनी चष्मा पुसला, पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला, मान हलवली आणि कळ दाबली. विचारणा नाहीशी झाली.

"बाबूजी, झालं काय?" मंगरूनं विचारलं.

"झालं. आता ने कागद."

मंगरू केव्हाच कागद घेऊन निघाला होता.

उद्या दुसरा शनिवार आहे. कार्यालय बंद राहील. चंद्रकांतानं लावून ठेवल्याप्रमाणे मशीन सकाळी नऊला आपोआप सुरू होईल आणि छापलेले हुकूम ट्रकवाला साडेदहाला चौकीदाराकडून घेऊन जाईल.