अक्कांच्या डबीचे आटे

सिद्रामप्पा डोळे मिटून आटे तपासायचे. बारीक स्क्रूवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या आट्याला खरखर हाय." भिंग लावून पाहिलं, तर नेमकी तिथेच सापडायची. सोलापुरातल्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. गिरणी बंद पडली तरी हाताची खोड जाईना, म्हणून मागच्या खोलीत त्यांनी टेबलावर मावेल एवढा लेथ मांडला. मी शेजारचा, कॉलेजातून निवृत्त झालेला फिजिक्सचा मास्तर. "पुस्तकातला स्क्रू लई शिकवला की तुमी. आता हातानं करून बगा," म्हणत त्यांनी मला नादी लावलं.

गेल्या वर्षी अप्पांचे हात थरथरू लागले आणि त्याच सुमारास अक्कांची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, उजवी बाजू अर्धांगाने गेली. लिंगायत असल्याने अक्कांच्या गळ्यात कायम असणाऱ्या इष्टलिंगाच्या डबीचं झाकण घट्ट. एका हाताने उघडेना. रोजच्या पूजेला डबी दुसऱ्याने उघडून द्यायची, हे अक्कांना सोसेना. मग अप्पांनी लिंग कापडात सैलसर बांधून दिलं. पण ते पडेल या धास्तीने त्या सारख्या गळा चाचपायच्या.

"मास्तर, हात तुमचा, डोकं माजं," अप्पा म्हणाले. "पितळेची डबी करू. आटे लई बारीक पायजेत. डाव्या हाताच्या दोन बोटांनी फिरलं पायजे झाकण."

लेथ जुना, इंचाच्या मापाचा आणि आटे अर्ध्या मिलिमीटरचे; दोन्हींचा मेळ बसत नाही. अशा वेळी हत्याराला पुढे ओढणारा नट एकदा धरला की काम संपेपर्यंत सोडायचा नसतो. मशीन उलटं फिरवत मागे यायचं, पुन्हा थोडं कापायचं. "कंटाळा आला तर चा प्या, पर नट सोडू नका," हे अप्पांनी मला शंभरदा बजावलं असेल.

झाकण झालं. डबीचे आटे निम्म्यावर आले असताना अक्कांनी आतून कानडीत हाक मारली आणि अप्पा उठून गेले. एकदा सोडल्याने काय होतंय, असं वाटून मी नट सोडला आणि हाताने मागे आलो. पुढच्या फेरीला हत्यार जुन्या खाचेत बसलंच नाही. सगळे आटे चिरले गेले.

अप्पांनी येऊन पाहिलं. रागावले नाहीत. "दुसरी करू की. पितळ हाय अजून. उद्या या."

मी गेलो नाही. जन्मभर पोरांच्या चुका काढलेला माणूस मी, कुठल्या तोंडाने जाऊ? आज डोकं दुखतंय, उद्या बँकेत काम आहे, असं करत आठ दिवस काढले. नवव्या दिवशी सकाळी अक्का गेल्याचं कळलं.

रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती द्यायची होती. विधीला आलेल्या मठाच्या स्वामींनी गळ्यातल्या कापडाची गाठ सोडली आणि लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. मला तिकडे बघवेना. चूक कुणाच्याही हातून होते. ते आठ दिवस मात्र माझे मलाच माफ करता येत नाहीत.

पंधरवड्याने अप्पांनीच निरोप धाडला. गेलो तर लेथच्या पकडीत, चकमध्ये, पितळ लावून ठेवलं होतं. "अर्धं काम ठेवू न्हाय, मास्तर," एवढंच बोलून ते स्टुलावर बसले. मी कापत राहिलो. दुपार सरली, तेव्हा डबी हातात आली. अप्पांनी ती धोतराला पुसली, झाकण लावलं, मांडीत धरली आणि उजवा हात पाठीमागे नेला. डाव्या हाताची दोन बोटं झाकणावर ठेवून फिरवली. झाकण अलगद निघालं.

"जमलं असतं तिला," अप्पा म्हणाले.